ग्रीन्सबरोचा पट्टा: एका प्रादेशिक विजेतेपदाचा उदय आणि अस्त

अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीने मेक्सिकोतील एएए ही व्यावसायिक कुस्तीची जुनी संस्था विकत घेत असल्याची घोषणा एप्रिल २०२५ मध्ये केली. एएएची स्थापना १९९२ सालची असून एकेरी व जोडीच्या कुस्तीची तिची स्वतःची विजेतेपदे आहेत. मोठ्या कंपनीच्या छत्राखाली आल्यावर अशा विजेतेपदांचे भवितव्य काय, असा प्रश्न या व्यवहारानंतर उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधताना अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७५ साली सुरू झालेल्या एका जोडी विजेतेपदाचा इतिहास उपयोगी पडतो.

व्यावसायिक कुस्तीत लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो. त्यामुळे आखाड्यातील कुस्तीचे निकष येथे लावता येत नाहीत. विजेतेपदाचा पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा, हे आयोजक ठरवतो. तिकिटे कोणाच्या नावावर खपतील, कोणता मल्ल विश्वासू आहे आणि कोण लवकरच दुसरीकडे जाणार आहे, याचा हिशेब त्यामागे असतो. म्हणूनच विजेत्यांची यादी ही त्या व्यवसायाची एका अर्थाने खतावणीच ठरते.

प्रदेशांची वाटणी

अमेरिकेतील निरनिराळ्या आयोजकांनी १९४८ साली आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे एकत्र येऊन नॅशनल रेसलिंग अलायन्स (एनडब्ल्यूए) हा संघ स्थापन केला. प्रत्येक सभासदाचा प्रदेश निश्चित असावा आणि दुसऱ्याने त्यात शिरू नये, हा त्यामागील अलिखित करार होता. ही मक्तेदारी असल्याचा आक्षेप अमेरिकेच्या न्याय विभागाने घेतला आणि १९५६ साली संघाला तडजोडीचा आदेश मान्य करावा लागला. तथापि प्रदेशांची पद्धत त्यानंतरही सुमारे तीन दशके टिकली.

संघाचा एकेरी जगज्जेता एकच असे आणि तो आळीपाळीने सर्व प्रदेशांत खेळे. जोडीच्या कुस्तीबाबत मात्र असा एकच मान्यताप्राप्त विजेता नव्हता. परिणामी सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, डेट्रॉइट, फ्लोरिडा अशा अनेक ठिकाणी 'जागतिक' जोडी विजेतेपदे निर्माण झाली. नाव जागतिक आणि व्याप्ती काही जिल्ह्यांची, अशी त्यांची स्थिती होती. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण स्थानिक असल्याने एका प्रदेशातील प्रेक्षकाला दुसऱ्या प्रदेशातील विजेता ठाऊकच नसे आणि ही विसंगती सहज खपून जाई.

जोड्यांचा प्रदेश

शार्लट शहरातून चालणारी जिम क्रॉकेट प्रमोशन्स ही संस्था उत्तर व दक्षिण कॅरोलायना आणि व्हर्जिनिया या भागात कुस्ती भरवीत असे. मिड-अटलांटिक म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश प्रामुख्याने जोडीच्या कुस्तीसाठी प्रसिद्ध होता. जॉर्ज बेकर व जॉनी वीव्हर किंवा रिप हॉक व स्वीड हॅन्सन यांच्यासारख्या जोड्यांनी तेथे वर्षानुवर्षे प्रेक्षक खेचले. संस्थापक जिम क्रॉकेट यांचे १९७३ साली निधन झाले आणि सूत्रे पुढील पिढीकडे आली. त्यानंतर एकेरी कुस्तीला अधिक महत्त्व देण्यात आले. तरीही जोडीची परंपरा खंडित झाली नाही. १९७५ साली संस्थेने स्वतःचे 'जागतिक' जोडी विजेतेपद सुरू केले आणि जीन व ओली अँडरसन यांना त्याचे पहिले मानकरी घोषित केले. प्रेक्षकांसाठी हे दोघे भाऊ होते. प्रत्यक्षात त्यांचे रक्ताचे नाते नव्हते.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी मल्लांना घेऊन निघालेले एक लहान विमान इंधन संपल्याने विल्मिंग्टनजवळ कोसळले. वैमानिकाचा नंतर मृत्यू झाला. जॉनी व्हॅलेंटाइन कायमचे पंगू झाले, तर रिक फ्लेअर यांच्या पाठीचा कणा मोडला. रिंगणात वैरी म्हणून वावरणारे मल्ल एकाच विमानात होते, ही गोष्ट लपविणे त्या काळी आवश्यक मानले गेले. टिम वूड्स यांनी रुग्णालयात आपली खरी ओळख दडवली आणि संशय येऊ नये म्हणून दुखापत असतानाही लवकरच रिंगणात परतले. पुढील वर्षी, २६ डिसेंबर १९७६ रोजी, ग्रीन्सबरो येथे अँडरसन जोडीचा पराभव करणाऱ्यांत बरे झालेले फ्लेअर होते आणि त्यांचे जोडीदार होते जॉनी व्हॅलेंटाइन यांचे पुत्र ग्रेग.

वैभवाचा काळ

या विजेतेपदाचा सर्वोच्च क्षण १२ मार्च १९८३ रोजी आला. ग्रीन्सबरो कलोझियममध्ये पिंजऱ्यातील लढतीत रिकी स्टीमबोट व जे यंगब्लड यांनी सार्जंट स्लॉटर व डॉन कर्नोडल यांना हरविले. पराभव झाल्यास स्टीमबोट व यंगब्लड यांची जोडी कायमची फुटेल, अशी अट होती. सभागृह भरले, रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागल्या आणि हजारो लोकांना तिकिटाविना परतावे लागले.

सभागृहाबाहेर राहिलेला हा प्रेक्षक आयोजकांच्या नजरेतून सुटला नाही. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला 'स्टारकेड' हा कार्यक्रम ग्रीन्सबरोत झाला आणि दक्षिणेतील अन्य शहरांत तो बंद परिपथ प्रक्षेपणाद्वारे पडद्यावर दाखविण्यात आला. डब्ल्यूडब्ल्यूएफची पहिली 'रेसलमेनिया' झाली ती मार्च १९८५ मध्ये. म्हणजेच मोठ्या वार्षिक सोहळ्याची कल्पना प्रादेशिक संस्थेने सुमारे सोळा महिने आधीच यशस्वी करून दाखविली होती. यंगब्लड यांचे १९८५ साली वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी निधन झाले.

शीतयुद्धाचे सावटही या पट्ट्यावर पडले. आयव्हन व निकिता कोलॉफ आणि क्रशर ख्रुश्चेव्ह हे 'रशियन' त्रिकूट विजेतेपद राखून होते. त्यांतील आयव्हन कॅनडाचे, तर इतर दोघे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे होते. जुलै १९८५ मध्ये रिकी मॉर्टन व रॉबर्ट गिब्सन या 'रॉक अँड रोल एक्स्प्रेस'ने त्यांना हरविले, तेव्हा तरुण प्रेक्षकांची मोठी लाट या कुस्तीकडे वळली.

अस्ताची कारणे

दरम्यान व्यवसायाचा पायाच बदलत होता. व्हिन्स मॅकमहन यांनी १९८२ साली वडिलांकडून कंपनी विकत घेतली आणि केबल दूरचित्रवाणीच्या बळावर इतरांच्या प्रदेशांत शिरण्यास सुरुवात केली. देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमापुढे प्रदेशांची सीमारेषा निरर्थक ठरली. क्रॉकेट यांनीही राष्ट्रीय पातळीवर उतरण्याचा निर्णय घेतला. १९८५ साली त्यांनी टेड टर्नर यांच्या वाहिनीवरील शनिवारची वेळ मिळविली, तर १९८७ मध्ये बिल वॉट्स यांची यूडब्ल्यूएफ ही संस्था खरेदी केली. त्यासोबत कर्ज वाढले आणि प्रवासाचा खर्चही.

प्रतिस्पर्ध्याने कोंडीही केली. नोव्हेंबर १९८७ मध्ये 'स्टारकेड'च्याच दिवशी 'सर्व्हायव्हर सिरीज' हा नवा कार्यक्रम उभा करण्यात आला. केबलचालकांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागली आणि बहुतेकांनी डब्ल्यूडब्ल्यूएफला पसंती दिली.

विजेत्यांच्या यादीत ही ओढाताण स्पष्ट उमटली आहे. १९८७ साली विजेते असलेले रिक रूड डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये निघून गेले. पट्टा गमावण्याची लढत झालीच नव्हती. तेव्हा आधी चित्रित केलेली, विजेतेपद पणाला नसलेली एक लढत दूरचित्रवाणीवर दाखवून 'रॉक अँड रोल एक्स्प्रेस'ला विजेते घोषित करण्यात आले. सप्टेंबर १९८८ मध्ये आर्न अँडरसन व टली ब्लँचर्ड हेही पट्टा हरून तिकडेच गेले. त्यानंतर दोन महिन्यांत क्रॉकेट यांनी संस्था टर्नर यांना विकली.

नव्या मालकांच्या काळात १९९१ साली या विजेतेपदाचे नाव डब्ल्यूसीडब्ल्यू झाले. एनडब्ल्यूएने आपले एकच जागतिक जोडी विजेतेपद सुरू केले ते १९९२ मध्ये, तोवर प्रदेश उरलेच नव्हते. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली. १८ नोव्हेंबर २००१ रोजी डडली जोडीने हार्डी बंधूंना हरवून दोन्ही कंपन्यांची जोडी विजेतेपदे एकत्र केली आणि क्रॉकेट यांच्यापासून चालत आलेला पट्टा संपुष्टात आला. ही लढत पिंजऱ्यातच आणि ग्रीन्सबरो कलोझियममध्येच झाली. हार्डी बंधू हे नॉर्थ कॅरोलायनाचेच रहिवासी आहेत.

मल्लांचे काय?

प्रादेशिक पद्धतीबद्दल हळहळ व्यक्त करताना तिचे दोष विसरता येणार नाहीत. आयोजकांचे संगनमत, अपुरे मानधन आणि जीवघेणा प्रवास हे तिचे अंग होते. मात्र एका ठिकाणी न पटल्यास दुसऱ्या प्रदेशात नशीब अजमावण्याची सोय मल्लाला होती. नवख्यांना वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर शिकण्याची संधीही मिळे. अनेक मालक असण्याचा तो लाभ होता.

आज डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या मल्लांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानते. २०१९ साली एईडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिल्याने मल्लांना पर्याय मिळाला आहे. मक्तेदारीच्या आरोपावरून एमएलडब्ल्यू या लहान कंपनीने २०२२ साली डब्ल्यूडब्ल्यूईवर दाखल केलेला दावा पुढील वर्षी तडजोडीने मिटला. भारतातील प्रेक्षकही या साखळीचा भाग असून एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम येथे नेटफ्लिक्सवरून दाखविले जात आहेत.

मेक्सिकोतील कुस्तीला मुखवट्यांची आणि तीन-तीन मल्लांच्या लढतींची स्वतंत्र परंपरा आहे. एएएचे नाव व पट्टे कायम ठेवणे नव्या मालकांच्या आर्थिक हिताचे असेपर्यंत ते राहतील, असे मानण्यास जागा आहे. क्रॉकेट यांचा पट्टाही विक्रीनंतर तेरा वर्षे टिकला होता. एएएची विजेतेपदे किती काळ टिकतात यापेक्षा तेथील मल्लाला नकार देऊन अन्यत्र जाण्याची वाट किती खुली राहते, याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.