आग विझल्यानंतरचा विवेक

दीपावलीच्या मंगल पर्वात उंबरठ्याउंबरठ्यावर पणती तेवते. ऋग्वेदाचे पहिले सूक्तच अग्नीचे. आपल्या साऱ्या संस्कारांचा तो साक्षी. परंतु हाच देव कधी मर्यादा ओलांडतो आणि भरले घर काळवंडते. आग लागू नये म्हणून काय करावे, हे दरवर्षी सांगितले जाते. ती विझल्यानंतर कसे वागावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आणि आमच्या मते दुसरा अनर्थ ओढवतो तो तेव्हाच.

ज्वाळा शमताच वडीलधाऱ्यांचा जीव देव्हाऱ्याकडे ओढ घेतो. कुलदेवतेचे टाक आत आहेत, या भावनेने पाऊल घरात पडते. भक्ती खरी, पण घाई घातक. गाद्यांत, लाकडी तुळयांत धग तासन्‌तास दबून राहते व पुन्हा भडकते. पाण्याने जड झालेले छत कोसळू शकते. धुमसत्या वस्तूंतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो. म्हणून अग्निशमन दलाच्या अनुमतीवाचून कोणीही आत जाऊ नये. वीज व गॅस जाणकाराने तपासल्याखेरीज सुरू करू नयेत.

दुसरी चूक संस्कारापोटी होते. अन्न टाकणे पाप, असे गृहिणीला वाटते. तथापि धुराने माखलेला फराळ, धगीने तापलेले बंद डबे आणि औषधे निःशंकपणे टाकावीत. भाजलेल्या जागी हळद वा तूप न लावता वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे आणि वैद्यकीय उपचार घ्यावेत. विमा असल्यास साफसफाईपूर्वी छायाचित्रे काढावीत, पंचनामा होऊ द्यावा.

तिसरी चूक सर्वांत क्रूर. ‘दिवा कोणी लावला होता?’ हा प्रश्न बहुधा घरच्या सुनेपाशी येऊन थांबतो. पडद्यालगतची समई असो वा विजेची जीर्ण तार, कारण अवश्य शोधावे. पण ते पुन्हा घडू नये म्हणून, कोणाला पायगुणाचा बोल लावण्यासाठी नव्हे.

लाक्षागृहातून पांडव निघाले ते कुंतीमातेला घेऊन. वैभव मागेच राहिले. धातूच्या टाकांवरील काजळी पुढे उतरवता येते. भंगलेली मूर्ती विसर्जित करून नवी स्थापता येते. गेलेला जीव मात्र कोणत्याही विधीने परतत नाही. यंदा पहिली पणती लावताना घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाबाळांना एवढे अवश्य सांगावे.