उशाखालची भाकरी



एका भगिनीचे पत्र आले आहे. बहिणीच्या इंतकालानंतर तिचा मुलगा दीड वर्ष या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरला. आता चार वर्षांचा आहे आणि सहा महिन्यांपासून या खालाकडे राहतो. तो उशाखाली भाकरी लपवतो, घरातल्या मुलांना चावतो, दारात आलेल्या अनोळखी माणसाचाही हात धरून चालू लागतो. सासूबाई म्हणतात, "एवढा जीव लावूनही पोराला कदर नाही. दुसरीकडे पाठव त्याला."

ही नाशुक्री नव्हे. ज्याने इतकी घरे बदलली, त्याला उद्याच्या जेवणाची खात्री कुठून असणार? चावणे ही बहुतेक वेळा सांगता न आलेली भीती असते. आणि कोणाच्याही मागे जाणारे मूल मोकळ्या स्वभावाचे असतेच असे नाही; आपले माणूस कोणते, हे कदाचित त्याला अजून कळलेले नसते.

रुमानियातील बुखारेस्ट शहरात अनाथालयांतील १३६ लहानग्यांचा सन २००० पासून अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या मुलांना सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवले. त्यांची भीती आणि उदासी कमी झाली. दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांना माणसांचा लळा अधिक चांगला लागला. चंचलपणा मात्र घर मिळूनही फारसा हटला नाही. म्हणजे मायेचा असर होतो, पण सगळीकडे सारखा आणि लगेच होत नाही.

म्हणून भाकरीवरून रागावू नका. त्याच्या हाताशी एक डबा ठेवा, त्यात खजूर, बिस्किटे असू द्या. चावला तर हात धरून एवढेच सांगा, "चावायचं नाही. मी इथंच आहे." मारू नका, कोंडू नका. जेवू घालणे आणि झोपवणे सध्या शक्यतो तुम्हीच करा. बाहेर जाताना परत केव्हा येणार ते सांगा, आणि त्याच वेळी या. 'अम्मी म्हण' अशी सक्ती नको. त्याच्या अम्मीचा विषय निघाला तर टाळू नका. वडिलांचे नावही तेच राहू द्या. सूरह अहजाबची शिकवण तीच आहे. काही महिन्यांत फरक पडला नाही, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. खर्चाची ओढाताण असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा.

सासूबाईंना अदबीने एकच विनंती करा: 'पाठवून देऊ' हे शब्द त्याच्यासमोर नकोत. त्याला नेमकी तीच भीती आहे.

एक दिवस तो डबा उघडायचाच विसरेल. तोवर तो रोज भरून ठेवा.