दोराचे दुसरे टोक

पाण्याखाली जोडकाम करणारा किंवा जहाजाचा तळ तपासणारा पाणबुड्या एकटा उतरत नाही. अमेरिकेत व्यावसायिक पाणबुड्यांसाठी १९७७ साली नियम झाले. हवेची टाकी पाठीवर घेऊन उतरणाऱ्यास वरून कोणीतरी दोराने धरलेले असावे, नाहीतर दुसरा पाणबुड्या सतत त्याच्या नजरेच्या टप्प्यात असावा, असे बंधन त्यांत आहे. १९८२ साली शास्त्रीय संशोधनासाठी बुडी घेणाऱ्यांना या नियमांतून सूट मिळाली. पण संस्थेची स्वतःची सुरक्षा-नियमावली हवी आणि बहुसंख्य पाणबुडेच असलेल्या मंडळाची तिच्यावर देखरेख हवी, या अटीवर.

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत पाणबुडे नाहीत, पण दोर आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात जिथून झाली, त्या या वसाहतीत उमेदीची वर्षे घालवलेल्या वाचकांना टाकीत उतरण्याचे काम परके नसेल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३६ वे कलम यासाठीच होते. टाकीतील हवा तपासून जाणकाराने लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याजवळ श्वसनयंत्र असावे, कमरेला पट्टा व दोर असावा आणि दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे.

मात्र त्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना १० कामगारांपासून धरला जाई; २०२० च्या संहितेने हा आकडा २० केला. पाच माणसांचा गाळा कारखाना ठरत नाही, आणि किसननगरातील गृहनिर्माण संस्था तर मुळीच नाही. संशोधकांना सूट देताना पर्यायी जबाबदारी सोपवली गेली. इथे केवळ डोकी मोजली जातात. हे मला रास्त वाटत नाही.

बंद टाकी स्वच्छ दिसते, म्हणून फसवते. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बंद लोखंडी टाकीत गंजच तो शोषून घेतो. प्राणवायू फार घटला, तर दम लागल्याचे जाणवण्यापूर्वीच माणूस कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा धावत उतरतो आणि तोही तिथेच पडतो.

संस्थेच्या कारभारात बहुधा निवृत्त मंडळीच असतात, म्हणून हे आपल्याला सांगायचे. टाकी धुण्याच्या दिवशी झाकणे आधीपासून उघडी ठेवून पंख्याने हवा आत सोडावी; तेवढ्याने हवा निर्धोक झाली असे मात्र समजू नये, ती तपासून घ्यावी. डिझेलचा पंप आत उतरवू देऊ नये; त्याचा धूर प्राणघातक असतो. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा दोन्ही एका दिवशी नकोत. तोंडाशी बसलेल्या माणसाला चहा आणायलासुद्धा पाठवू नये. आतला माणूस उत्तर देईनासा झाला, तर कोणीही खाली उतरू नये. दोर ओढावा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पट्टा आणि दोर दाखवायला सांगावे.