घोरण्याचं कौतुक

अंधेरीच्या लोखंडवालापासून मुलुंडच्या नव्या टॉवरांपर्यंत फ्रेंच आणि इंग्लिश बुलडॉगचं आता कुणाला नवल वाटत नाही. तो का आणला जातो, तेही समजण्यासारखं आहे. वन बीएचके घर, नवरा-बायको दोघंही सकाळची लोकल गाठणारे आणि भुंकण्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर भांडायला टपलेले शेजारी. अशा घराला कमी भुंकणारा, चार पावलं चालून सोफ्यावर पसरणारा, पोरं अंगावर लोळली तरी न चिडणारा कुत्रा हवा असतो. बुलडॉग प्रेमळ असतो, यात वाद नाही. पण ज्याला आपण त्याचा शांत स्वभाव म्हणतो, त्यात स्वभाव किती आणि लागलेला दम किती, हे बघायला हवं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, ओल्या नाकातोंडातून पाण्याची वाफ होऊ द्यायची आणि अंग थंड ठेवायचं, ही त्याची मुख्य सोय. माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून बुलडॉगचं तोंड आखूड केलं, पण आतला मऊ टाळू त्या मानाने आखडला नाही. तो घशाशी लोंबतो, नाकपुड्यांच्या नुसत्या चिरा उरतात आणि श्वास घुरघुरत आत जातो. त्या घुरघुरण्याचे, घोरण्याचे आपण कौतुकाने व्हिडिओ काढतो. खरं तर ती वाट अडल्याची खूण आहे. त्यात मुंबईची हवा. नागपूरच्या ४५ अंशांपुढे बोरिवलीचे ३३ अंश किरकोळ वाटतात. पण दमट हवेत वाफ नीट होत नाही आणि धापा वाया जातात. मे महिन्यात दुपारी तापलेल्या पेव्हर ब्लॉकवरून मारलेली एक चक्कर या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या २०२२ च्या अभ्यासात इंग्लिश बुलडॉगला आजार असण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या नोंदींवरून काढलेलं सरासरी आयुर्मान सर्व कुत्र्यांचं सुमारे ११.२ वर्षं निघालं, इंग्लिश बुलडॉगचं ७.४ आणि फ्रेंच बुलडॉगचं अवघं ४.५. (हा शेवटचा आकडा थोडा जपून वाचावा. ही जात तिथे नुकतीच लोकप्रिय झाल्याने नोंदीत तरुण कुत्रीच जास्त होती.) शिवाय पिल्लांची डोकी एवढी मोठी आणि आईची कंबर एवढी अरुंद, की बहुतेक बुलडॉग सिझेरियननेच जन्मतात. नेदरलँड्समध्ये तर नाकाचा भाग कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड असलेल्या कुत्र्यांची पैदास करता येत नाही.

आपल्याकडे मात्र काळजी भलत्याच बाजूने झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने ‘हिंस्र’ म्हणून २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं, त्यात अमेरिकन बुलडॉग होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. लांब पायांचा तो बुलडॉग निराळा; पण नाव ऐकून आपले फ्रेंचीवालेही धास्तावले. बुलडॉगपासून माणसाला असलेल्या धोक्यावर एवढी चर्चा झाली, माणसाच्या हौसेपासून बुलडॉगला असलेल्या धोक्यावर जवळपास नाहीच.

‘आमच्याकडे चोवीस तास एसी असतो’ हे उत्तर नेहमीचं. एसीने फरक पडतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण शी-शूसाठी खाली न्यावंच लागतं, वीज जाते, आणि एसीत पडून वजन वाढलं की श्वास आणखी कोंडतो. ‘आमचा तर ठणठणीत आहे’ हेही खरं असू शकतं. सगळेच बुलडॉग सारखे गुदमरत नाहीत, आणि नाकपुड्या रुंद करण्याची, टाळू कमी करण्याची शस्त्रक्रियाही आता होते. पण ऑपरेशनची तरतूद धरूनच कुत्रा का आणायचा? कुणाला नकोसा झालेला मोठा बुलडॉग घरी आणणं निराळं; तिथे तुम्ही नव्या पैदाशीची मागणी वाढवत नाही, आणि त्याचा श्वास कसा आहे हे समोर दिसतं. ज्याला बुलडॉगच हवा, त्याने असा मोठा कुत्राच शोधावा.

तरीही पिल्लूच हवं असेल, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. कागद बघावाच, पण त्याहून आधी पिल्लाची आई बघायला मागावी. तिच्या नाकपुड्या उघड्या आहेत का ते बघावं, सकाळच्या गारव्यात तिला तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवायला सांगावं आणि मग जवळ बसून तिचा श्वास ऐकावा. पिल्लांच्या फोटोंचा पाऊस पाडणारा विक्रेता आईचा विषय निघताच ‘ती गावच्या फार्मवर असते’ म्हणाला, तर चहा संपवून परतीची लोकल पकडावी.