दहा दिवसांचा वर्ग, दोन महिन्यांचे पीक

शारजातल्या रोल्ला भागात रत्नागिरी-सिंधुदुर्गची माणसे भेटली की गावी परतून काय करायचे, हा विषय निघतोच. काजू, कोंबड्या आणि हल्ली धिंगरी अळंबी. तिथेच एक ठाम मतही ऐकू येते : प्रशिक्षण म्हणजे प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो, शिकलेले सगळे वर्षभरात बंद करतात, त्यापेक्षा मोबाइलवर बघून शिकावे.

शिकून सोडून देणारे पुष्कळ आहेत, हे खरे. पण ते सोडतात कुठे, हे कोणी पाहत नाही. पेंढा भिजवणे, गरम पाण्यात निर्जंतुक करणे, थरांत स्पॉन (अळंबीचे बियाणे) पेरून पिशवी बांधणे हे एका दिवसात हाताला बसते. खरी परीक्षा पुढच्या १५-२० दिवसांची. पांढरे तंतू पेंढ्यात पसरायचे असतात, आणि हिरवी बुरशी नेमकी तेव्हाच डोके वर काढते. पहिली काढणी तीन-साडेतीन आठवड्यांनी. पुढच्या काढण्या धरून पीक दीड-दोन महिन्यांचे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा वर्ग मात्र १० दिवसांचा. कित्येक वर्ग तर एका दिवसातच आटोपतात. स्वतः भरलेल्या पिशवीला कोंब फुटायच्या आत शिकणारा घरी पोचलेला असतो. याला निरुपयोगी प्रशिक्षण म्हणत नाहीत, अर्धवट सोडलेले म्हणतात.

अर्धवट ज्ञानावर मोबाइल हा उतारा नव्हे. हिरवा डाग व्हिडिओत ओळखता येतो. पण आपल्या खोलीत तो पेंढा कच्चा राहिल्याने आला, ओल जास्त झाल्याने की स्पॉन जुने असल्याने, हे तिथे उभे राहून पाहणाराच सांगू शकतो.

विक्रीचे तर बोलायलाच नको. पावसाळ्यातली रानातली अळंबी कोकणी माणूस हौसेने घेतो, धिंगरी दिसली की दोनदा विचारतो. ताजा माल फ्रिजबाहेर जेमतेम एक दिवस टिकतो. उरलेला वाळवावा, तर १० किलोचा साधारण किलोभरच होतो. म्हणून भाव, गिऱ्हाईक आणि वाळवण हे विषय शेवटच्या दुपारी चहाबरोबर उरकण्याचे नाहीत.

ज्ञानाची वानवा नाही. सोलनचे राष्ट्रीय अळंबी संशोधन केंद्र १९८३चे, दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२चे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीचा समन्वित संशोधन प्रकल्प आहे. कोकणात भाताचा पेंढा आहे, पावसाळी दमट हवा आहे. वर्ग पिकाच्या चालीने चालायला हवा : सुरुवातीला दोन दिवस, दुसऱ्या आठवड्यात शिकणाऱ्याच्या खोलीत एक फेरी, पहिल्या काढणीला दुसरी, मग बाजारात एक दिवस. आणि संस्थांनी प्रमाणपत्रे मोजणे सोडून दुसऱ्या हंगामात किती जणांनी पिशव्या भरल्या, ते मोजावे. आकडा लहान दिसेल; दिसू दे.

गावी जाऊन नाव नोंदवण्याआधी संस्थेला दोनच गोष्टी विचारा : दुसऱ्या आठवड्यात माझ्या खोलीवर कोण येणार, आणि ताजे स्पॉन कुठून मिळणार? उत्तर मिळाले नाही, तर नाव नोंदवू नका.