शेजारच्या बांधावरचे कणीस



रब्बीची ज्वारी निसवली की गावोगाव एक रोग दिसू लागतो. त्यावर फवारणी नाही. माणूस उभा असतो स्वतःच्या रानात आणि डोळे असतात शेजाऱ्याच्या कणसांवर!

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी दोघे भाऊ. वाटणीत थोरल्याला ओढ्याकाठचे काळे रान आले, धाकट्याला माळाकडचे. धाकटा कष्टाळू, पण थोरला करील तेच करायचा. त्याने फुले वसुधा पेरली, यानेही तीच. त्याच्याएवढाच युरिया, वर एक पोते जास्त. आणि पौषात याची ज्वारी दाणा भरण्याआधीच वाळायची. मग घरात धुसफूस, भावाशी अबोला. एका वर्षी बोअर घ्यायचे ठरले, त्यासाठी घरच्या लक्ष्मीची बोरमाळ गहाण पडायची वेळ आली. तेव्हा त्या माउलीनेच मला निरोप धाडला.

मी गेलो आणि कुदळ मागितली. दोन्ही रानांत खड्डे घेतले. थोरल्याकडे तीन फूट खाली गेलो तरी काळी माती संपेना. धाकट्याकडे वीतभरावर मुरूम लागला, कुदळ खणखणली. धाकटा बराच वेळ खड्ड्याच्या काठी बसून राहिला.

रब्बी ज्वारी येते ती पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर. माती जेवढी खोल, तेवढा ओलीचा साठा. म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खोलीप्रमाणे वाण दिले आहेत. फूटभर मातीच्या हलक्या रानाला फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंत फुले सुचित्रा, त्याहून खोल रानाला फुले वसुधा. अनुराधा 105 ते 110 दिवसांत निघते, ओल संपायच्या आत दाणा भरून घेते. खताचेही तसेच. कोरडवाहूत भारी जमिनीला हेक्टरी 60 किलो नत्र, हलकीला 25. धाकट्याचे पीक जादा नत्राने आधी माजायचे, होती ती ओल पिऊन टाकायचे आणि दाण्याच्या वेळी तहानलेले राहायचे.

मी तरी कुठे शहाणा? माझ्याबरोबर बी.एस्सी. झालेले काही जण मोठ्या खुर्च्यांवर बसले. त्यांच्या बढत्यांनी माझीही झोप उडवलेली आहे. असो.

पुढच्या वर्षी धाकट्याने जुलैतच बंदिस्त वाफे पाडून पाणी मुरवले, सप्टेंबरच्या मध्याला अनुराधा पेरली. मुलाच्या जुन्या वहीत खर्च, पोती, कडबा लिहायला घेतले. शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षीचे आपलेच आकडे. ज्वारी थोरल्याएवढी झाली नाही, होणारही नव्हती. पण कणसे भरली, आणि बोरमाळ पेटीतून हलली नाही.

तुम्हीही पेरणीआधी रानात चार ठिकाणी कुदळ घालून पाहा. एकाच गटात खोली दोन-तीन तऱ्हेची निघते. टेप नसेल तर वितीने मोजा, पण मोजलेले वहीत लिहून ठेवा.