दुसरे मूल आणि सरकारचा हिशेब

दुसऱ्या मुलाचे काही अवघड नसते, पहिल्याने सारे शिकविलेले असते, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात दुसरे आले की पहिलेही पुन्हा तान्हे होते. आपल्या हाताने जेवणारे पोर भरविल्याखेरीज घास घेत नाही, रात्री अंथरूण ओले करू लागते. शिवाय पहिल्या बाळंतपणाला माहेर असते. दुसरे बहुधा सासरी, चुलीशेजारीच उरकते.

सरकारही त्याच समजुतीवर हिशेब मांडते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपये देण्याचे मान्य केले. २०१७ साली मातृवंदना योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती, तीही ५,००० रुपयांची. २०२२ पासून दुसऱ्या अपत्यालाही ६,००० रुपये ठरले, पण मुलगी झाली तरच! मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे, हा हेतू चांगलाच आहे. परंतु मुलगा झाला म्हणून मजूर बाईची कंबर कमी दुखते काय?

२०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची भरपगारी रजा पगारदार नोकरीतील बाईची. ऊसतोडीला गेलेली बाई बाळंतपणानंतर लवकरच पुन्हा फडात उतरते. कोपीत तान्ह्याजवळ थोरली बहीण बसते आणि तिची शाळा सुटते.

साथींनी येत्या मोर्चाच्या निवेदनात दोन मागण्या घालाव्यात: दुसऱ्या बाळंतपणाची मदत मुलगा-मुलगी न पाहता मिळावी आणि फडाच्या मुक्कामी पाळणाघर असावे.